मान धर, मित्रा

मेलबर्न, सप्टेंबर १९९७, संध्याकाळचे सात. एका पबच्या मागच्या बोळात तुम्ही उभे आहात आणि अंगात पुण्याहून घालून आलेला पातळ सदरा आहे. इथला सप्टेंबर म्हणजे नुकती सरलेली थंडी, हे निघताना लक्षात राहिलं नाही. दात वाजताहेत. तेवढ्यात एक पांढरी व्हॅन मागे मागे येत थांबते, दार उघडतं आणि आतून एक लांबलचक काळं धूड बाहेर यायला लागतं.

"मित्रा, जरा मान धर. जपून!"

कोणाची मान, हे विचारायच्या आत ती तुमच्या हातात आलेली असते. खोळीच्या कापडाखाली जाड तारा बोटांना लागतात. हा डबल बास. उभा केला तर सहा फुटांचा. ऑर्केस्ट्राच्या मागच्या रांगेत काळा कोट घातलेल्या गंभीर माणसाने गजाने वाजवायचं हे वाद्य. आज जिथे ते वाजणार आहे, तिथे कोट घातलेला एकही माणूस नाही. बिअरच्या पिंपांना वळसा घालून, दाराच्या चौकटीला खरचटू न देता तुम्ही ते आत पोचवता. दमछाक होते. गिटार पाठीला अडकवून ट्रामने येता येतं. हे येत नाही. मग तीन पोरांच्या पंक बँडने हा हत्ती का पाळला?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

जुलै १९५४, अमेरिकेतलं मेम्फिस, सन स्टुडिओ. खोलीत तिघेच आहेत. एल्व्हिस प्रेस्ली नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा, गिटारवर स्कॉटी मूर, डबल बासवर बिल ब्लॅक. ड्रम नाहीत. मग ठेका कोण धरणार? बिल ब्लॅककडे बघा. तो तार नुसती छेडत नाही, बोटाने ओढून सोडून देतो. तार परत येऊन लाकडावर आपटते, 'टक'. लगेच तळवा तारांवर पडतो, 'फट'. सूर आणि ताल एकाच हातातून निघताहेत. डग्ग्याचा घुमारा आणि चाटेचा टणत्कार एकाच बोटातून यावा, तसं काहीसं. काळ्यांच्या ब्लूजची लय आणि डोंगराळ दक्षिणेतल्या गोऱ्या खेडुतांची गाणी यांच्या या संकराला लोक पुढे रॉकाबिली म्हणतील.

ही लाट तुमच्या कानाला अगदीच परकी नाही. तीनच वर्षांनी पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, 'आशा' चित्रपटात 'ईना मीना डीका' करतील आणि अख्खा देश त्यावर पाय आपटेल.

आता १९९१. मेलबर्नच्या पूर्वेचं व्हीलर्स हिल हे उपनगर. कापलेली हिरवळ, दोन गाड्यांची गॅरेजं, एक शॉपिंग सेंटर आणि दुपारभर पसरलेला कंटाळा. जगभरच्या पोरांनी यंदा निर्व्हाना ऐकून केस वाढवायला घेतलेत. इथली दोन शाळकरी पोरं मात्र केसांना चोपडून तेल लावतात, कपाळावर फुगा काढतात आणि आजोबांच्या काळातली गाणी वाजवतात. एक ख्रिस चेनी, गिटारवाला. दुसरा स्कॉट ओवेन, पियानोवाला.

खरं तर ती गाणी थेट आजोबांकडून आलेली नाहीत. १९८० साली स्ट्रे कॅट्स नावाच्या अमेरिकन त्रिकुटाने लंडनला जाऊन रॉकाबिलीला पुन्हा तरतरी आणली होती. चेनीचा देव म्हणजे त्या बँडचा गिटारवाला ब्रायन सेट्झर. तीच गाणी वाजवायची तर डबल बास हवाच, आणि तो वाजवणारा ओळखीत कोणी नाही. तेव्हा ओवेन पियानो सोडतो आणि स्वतःपेक्षा उंच असलेल्या वाद्याशी झटायला लागतो. दाराबाहेरून ऐका. टक. टक. मधेच एक फसलेला सूर. परत टक. बोटांना फोड येत असणार. बँडचं नावही त्यांनी स्ट्रे कॅट्सच्याच गाण्यावरून उचललंय, 'द रनअवे बॉइज'.

नक्कल हुबेहूब जमली तरी ती नक्कलच, हे पोरांना लवकर कळतं. त्यांना द क्लॅश हा पंक बँडही आवडतो. पंकमधला राग आणि वेग त्यांना हवा आहे. १९९४ मध्ये स्वतःची गाणी घेऊन ते नवं नाव लावतात, 'द लिव्हिंग एंड'. पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकन पोरांचा हा खास शब्द. त्याचं भाषांतर करत बसू नका, आपल्याकडे तो तयार आहे: खल्लास! शेवटही आणि शाबासकीही.

इथे एक अडचण आहे. पंकचा सगळा तोरा अडाणीपणाचा. तीन कॉर्ड येतात ना, मग चढा स्टेजवर. जास्त येणं म्हणजे शिष्टपणा. चेनीने मात्र जॅझ गिटारचं शिक्षण घेतलंय. चार बोटं चार वेगळ्या वाटांनी जातील, असे कॉर्ड त्याच्या हातात बसलेत. येतंय ते लपवायचं कसं, हा त्याचा प्रश्न. त्याने लपवायचं नाही असं ठरवलं, फक्त वेग वाढवला.

एके दिवशी चेनी एक पाकीट बांधतोय. आत बँडच्या गाण्यांचा डेमो आणि बँडचं नाव छापलेला एक टी-शर्ट. पत्ता, ग्रीन डेचा बिली जो आर्मस्ट्राँग. त्या काळी जगातल्या सगळ्यात लोकप्रिय पंक बँडच्या म्होरक्याला असली पाकिटं किती येत असतील! पण हे उघडलं जातं, आवडतं, आणि १९९६ मध्ये ग्रीन डेच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात आधी वाजवायला हेच तिघं असतात. त्याच वर्षी ड्रमवर जो पिरिपिट्झीच्या जागी ट्रॅव्हिस डेम्सी येतो.

आणि आता परत १९९७, परत तो पब. पुढच्या दाराने या. पाटीवर 'हॉटेल' लिहिलंय, पण मिसळ मिळेल म्हणून आत शिरू नका. इथे दारूच्या परवान्यासाठी एके काळी मुक्कामाच्या खोल्या ठेवाव्या लागत, म्हणून पबची नावं हॉटेलची. भिंतींना कमरेच्या वरपर्यंत फरशा आहेत. १९६६ पर्यंत या राज्यात संध्याकाळी सहाला बार बंद होत. पाच वाजता सुटलेले कामगार तासाभरात जमेल तेवढी ढोसत, आणि नंतर फरशा धुऊन काढणं सोपं जाई. अशाच खोल्यांनी एसी/डीसी, कोल्ड चिझल, मिडनाइट ऑइल हे बँड घडवले. नाट्यगृहातला प्रेक्षक जांभई देतो. इथला ग्लास घेऊन बाहेरच निघून जातो. त्याला थांबवण्याची ताकद नसेल तर बँड संपला.

जाजम चपलेला चिकटतंय. सिगारेटच्या धुराने डोळे चुरचुरतात, कारण आत ओढायला अजून बंदी नाही. शेजारी हिरव्या चौकड्यांच्या शर्टातला एक विशीतला पोरगा कोपराने जागा करून घेतोय. तुम्ही नाराजीने बघता. तो हसतो आणि आणखी थोडा पुढे सरकतो.

दिवे जातात. चेनीच्या गळ्यात ग्रेचची पोकळ पोटाची गिटार आहे. पन्नाशीच्या दशकातला गोड, खणखणीत आवाज तिच्यातूनच येतो. पण पोकळ गिटार पंकच्या आवाजाला वाजवायची म्हणजे जत्रेत तंबोरा लावण्यासारखं. स्पीकरचा आवाज पोटात शिरून ती आपली आपण घुमायला लागते. चेनी तो घुमारा तळव्याने दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. मग डेम्सी ड्रमवर तुटून पडतो आणि बासचं पहिलं 'टक' तुमच्या बरगडीत लागतं.

आता ओवेनच्या उजव्या हाताकडे बघा, म्हणजे बघायचा प्रयत्न करा. ओढ, आपट, तळवा. ओढ, आपट, तळवा. इतकं जलद की बोटं दिसत नाहीत, नुसता फिकट पट्टा दिसतो. इलेक्ट्रिक बास असता तर एक सलग गुरगुर आली असती. इथे प्रत्येक सुराला लाकडाचा टवका आहे, म्हणून गाणं दुप्पट वेगात धावूनही लिबलिबत नाही, दौडत राहतं. चेनी पंकचे आडदांड कॉर्ड खेचतोय, आणि दोन ओळींच्या फटीत, कोणाला कळायच्या आत, जॅझची एक लांब, लवचिक तान टाकून परत धुडगुसात सामील होतोय. ध्रुवपदाला तिघंही माइकवर ओरडतात. त्यांच्यासोबत सगळी खोली.

मधेच चेनी बिअरची बाटली उचलतो. पिण्यासाठी असेल असं तुम्हाला वाटतं, पण तो बाटली तारांवरून घसरवतो आणि गिटार मांजरासारखी ओरडते. मग ओवेन बास तिरका करतो आणि चेनी वाजवत वाजवत बासच्या कुशीवर चढून उभा राहतो. मघाशी जपून, खरचटू न देता आणलेलं ते वाद्य! तुमचा जीव वरखाली होतो. बास मात्र ठाम. जुन्या संगीताची पूजा करणारे त्याला काचेच्या कपाटात ठेवतात. हे त्याच्या अंगावर चढतात, कारण ते किती वजन पेलेल हे त्यांना रोजच्या सरावाने माहीत आहे.

मग ते गाणं येतं, 'प्रिझनर ऑफ सोसायटी'. ते याच महिन्यात 'सेकंड सोल्यूशन'बरोबर एकाच सीडीवर बाजारात आलंय. मोठ्यांनी आम्हाला शिकवू नये, एवढाच त्याचा मुद्दा. गर्दी उसळते. कोणाचं तरी कोपर हिरव्या चौकडीवाल्याच्या उजव्या भुवईवर बसतं, रक्त येतं. दोन अनोळखी माणसं त्याला काखेत धरून उभा करतात. तो कपाळ पुसतो, लाल हात बघतो आणि दोन्ही हात वर करून पुन्हा उडी मारतो.

पुढची वर्षं भराभर. ती सीडी ऑस्ट्रेलियाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढते आणि महिनोन् महिने खाली उतरत नाही. ऑक्टोबर १९९८ मध्ये बँडच्याच नावाचा पहिला अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर येतो. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत सुमारे १,४०० गोदी कामगारांना एका रात्रीत काढून टाकलेलं असतं, फाटकावर कुत्री घेऊन पहारेकरी उभे केलेले असतात. तो संघर्ष २०००च्या 'रोल ऑन' या गाण्यात उतरतो. 'शिकवू नका' म्हणणारी पोरं आता आजूबाजूला बघायला लागलीत.

सप्टेंबर २००१. समुद्राच्या कडेने वळणं घेत जाणाऱ्या ग्रेट ओशन रोडवर चेनीच्या गाडीला अपघात होतो. तो गंभीर जखमी आहे, दौरे थांबतात. इस्पितळाच्या खिडकीपाशी आपण रेंगाळायचं नाही. पुढच्या वर्षी डेम्सी बँड सोडतो आणि ड्रमवर अँडी स्ट्रॅकन येतो.

२००५ मध्ये एका लहान पबच्या दारावरचा फलक वाचा: 'ग्लेन वेव्हर्ली अँड द मेंटोन्स'. ग्लेन वेव्हर्ली आणि मेंटोन ही मेलबर्नची उपनगरं. म्हणजे जणू 'गोरेगावकर आणि मुलुंड मंडळी'. आत बघता तर हेच तिघं! नवी गाणी लोकांपुढे घासून बघायला ते खोट्या नावांनी हिंडताहेत. नाव बघून टाळ्या मिळू नयेत, गाण्याने माणूस ग्लास घेऊन थांबतो का ते कळावं. त्या तालमीतून निघालेला 'स्टेट ऑफ इमर्जन्सी' २००६ मध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर जातो. २००९ मध्ये चेनीला गीतकार-संगीतकारांच्या एप्रा संस्थेचा वर्षातला सर्वोत्तम गीतकार हा मान मिळतो.

शेवटचा थांबा, २०१२. रिचमंड स्टेशनला खेटून असलेलं कॉर्नर हॉटेल. रंगमंचासमोर मधोमध कुप्रसिद्ध खांब आहे, त्याच्या मागे सापडू नका. बँडने या दौऱ्यात स्वतःलाच परीक्षेला बसवलंय. आतापर्यंतचे सहा अल्बम, रोज रात्री एक अख्खा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. पंधरा वर्षांपूर्वीच्या रागातली प्रत्येक तान जशीच्या तशी हाताला आठवायला हवी. नुसत्या रागावर हे होत नाही, रियाज लागतो. आणखी तेरा वर्षांनी, २०२५ मध्येही ते नवा अल्बम काढतील, त्याचं नाव 'आय ओन्ली ट्रस्ट रॉक एन रोल' असेल. तुम्हाला ते माहीत आहे, त्यांना अजून नाही.

आज पहिल्या अल्बमची रात्र आहे. सुरू व्हायच्या आधी वारा खायला तुम्ही बाहेर येता. भिंतीला टेकून एक पोट सुटलेला गृहस्थ फोनवर बोलतोय. उजव्या भुवईत पांढरा वण, तेवढ्या जागी केस उगवलेले नाहीत.

"किती वाजले बघ घड्याळात. दात घासलेस? मग झोप. नाही, टीव्ही बंद. का म्हणजे? मी सांगतोय म्हणून!"

आतून बासचं 'टक' ऐकू येतं. तो घाईघाईने फोन खिशात टाकतो, तुमच्यासाठी दार धरतो आणि तुम्ही आत शिरताच कोपराने जागा करत पुढे निघून जातो.