पिंपरीच्या मातीतले औषध

सर्जापूर रोडवर आमच्या घरासमोर इमारतीचा पाया खणला जात आहे. परवा वळवाचा पाऊस झाला आणि त्या तांबड्या ढिगाऱ्यातून मृद्गंध दरवळला. तो गंध जिओस्मिन या रेणूचा. मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस या प्रजातीतले जिवाणू तो निर्माण करतात. क्षयावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली अमेरिकेत याच जिवाणूंपासून मिळाले.

या इतिहासातले एक पान महाराष्ट्राचेही आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पेनिसिलिनचे उत्पादन हे तिचे पहिले काम; पण तिने संशोधनही आरंभले. तेथील एम. जे. थिरुमलाचार हे मूळचे कवकशास्त्रज्ञ, पिकांवरील तांबेरा आणि काणी या रोगांचे अभ्यासक. त्यांना व सहकाऱ्यांना पिंपरीच्याच मातीत एक जिवाणू सापडला, जो बुरशीला मारणारे द्रव्य तयार करत होता. जिवाणूला गावाचे नाव मिळाले, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आणि १९६०च्या दशकारंभी जगासमोर आलेले ते औषध म्हणजे हमायसिन.

हमायसिनची रचना अॅम्फोटेरिसिन-बीशी मिळतीजुळती आहे. या गटातील औषधे बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉलला चिकटतात. पटलाचा तोल बिघडतो आणि पेशीतील आयन बाहेर झिरपतात. मानवी पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल असते. हा फरक सूक्ष्म असल्याने ही औषधे रुग्णालाही त्रास देतात.

हमायसिनचा वापर मर्यादित राहिला. जगभर रुजले ते अॅम्फोटेरिसिन. त्याचा जिवाणू व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडला होता. मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची साथ आली, तेव्हा याच औषधाच्या कुप्यांसाठी महाराष्ट्रातील नातेवाईक दारोदार हिंडले.

दरम्यान मातीतील शोध जगभरच मंदावला होता, कारण तेच तेच रेणू पुन्हा हाती येत होते. परंतु २००२ साली एका स्ट्रेप्टोमायसिसचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात अशी द्रव्ये घडवू शकणारे वीसहून अधिक जनुकसमूह आढळले. त्यांतील कित्येक प्रयोगशाळेत मूकच राहिले होते.

विद्यार्थी मित्रहो, त्या जनुकांना बोलते करणे हे आजचे काम आहे. त्यासाठी भौतिकी, रसायन आणि संगणकशास्त्र जाणणारेही हवे आहेत. थिरुमलाचारांना औषध कारखान्याच्याच गावी मिळाले. आमच्या समोरची माती मात्र डंपरमधून रोज निघून जाते. तिच्यात काय आहे, हे अजून कोणी पाहिलेले नाही.