नाणेघाट : भिंतीवर खर्च, पायाखाली जमा

आज घाट चढायचाय, आणि तोही दोन हजार वर्षं मागे जाऊन.

पाऊस ओसरला, शरद लागला की नाणेघाटात जावं, असं माझं ठाम मत आहे. जुलैत धुकं आणि गर्दी, दुसरं काहीच दिसत नाही. आम्ही नऊ जण सप्टेंबरच्या शेवटी कल्याणहून एसटीने निघालो आणि मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याजवळ उतरलो. आधी झाडीतली वाट, ओढे, आणि मग सरळ अंगावर येणारा चढ. कड्यांवरून धबधबे अजून कोसळत होते. आमच्यातला एक जण प्रत्येक धबधब्यापाशी फोन काढायचा, दुसरा प्रत्येक वळणावर विचारायचा, "अरे, अजून किती?"

मी मात्र खाली बघत होतो. कारण चढ जिथे खडा होतो, तिथे पायाखाली मोठमोठे दगड नीट रचलेले आहेत. ट्रेकर्ससाठी कोण कशाला एवढी मेहनत घेईल? हा हायवे होता, राव! खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं, वर जुन्नर, आणि पुढे सातवाहनांचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. मधे सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीतली ही खिंड.

खिंडीच्या तोंडाशी गुहा आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता उरल्यात पावलांच्या खुणा आणि वर ब्राह्मीत कोरलेली नावं : सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका, राजपुत्र. बाजूच्या भिंतींवर प्राकृतातला मोठा लेख आहे. तो नागनिकेचा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. लेखातली राणी महिना महिना उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी आहे. त्यावरून ती तेव्हा विधवा असावी आणि मुलांच्या वतीने कारभार बघत असावी, असा अंदाज करतात.

आणि लिहिलंय काय? हिशोब! अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा. 1,700 गाई, 10 हत्ती. एकीकडे 11,000 गाई आणि 1,000 घोडे. एकीकडे 24,400 कार्षापण, म्हणजे नाणी. हे सगळं आकड्यांत आहे, आणि तेव्हा शून्य नव्हतं बरं का. हजाराच्या खुणेला चाराची खूण जोडली की चार हजार, अशी पद्धत. 1870 च्या दशकात भगवानलाल इंद्रजींनी या आकड्यांचा उलगडा केला. भारतातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांमध्ये त्यांची गणना होते. आमच्या ग्रुपमधला कॉमर्सवाला इथे पहिल्यांदा फोन खिशात ठेवून भिंतीपाशी आला.

त्याचा प्रश्न बरोबर होता : "हा झाला खर्च. जमेची बाजू कुठाय?"

वर पठारावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असं सगळे सांगतात. खरं सांगू? मला शंका आहे. उघड्यावरच्या दगडी भांड्यात राज्याचा गल्ला कोण ठेवेल? शिवाय तसं सांगणारा एकही लेख तिथे नाही. पण जकात घेत नसतील, असंही मला वाटत नाही. राणीने आपला दानधर्म राजवाड्यात नाही, देवळात नाही, तर इथे कोरला, जिथून प्रत्येक व्यापाऱ्याला धापा टाकत जावं लागायचं. त्याने खिंडीत मोजलेले पैसे कुठे गेले, याचं उत्तर समोरच्या भिंतीवर. मला तरी तो लेख असाच वाचावासा वाटतो.

अजून एक छोटा लेख आहे, तो मला राणीच्या लेखापेक्षा जास्त आवडतो. सोपाऱ्याच्या गोविंददासाने इथे एक पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, दान दिलं. ना हत्ती, ना घोडे. चढून आलेल्या माणसाला आधी काय लागतं, हे त्याला माहीत असणार.

अंधाराच्या आत खाली पोचायचं होतं, गुडघे आधीच बोलत होते. निघण्यापूर्वी आम्ही टाक्यांत डोकावलो. काठोकाठ भरलेली होती.