समुद्राचे मस्टर



मस्टर नसले तर गिरणीत कामावर कोण आला नि कोण कमी झाला, ह्याचा पत्ता लागत नाही. समुद्राचे मस्टर कसे मांडले गेले, ते आज सांगावयाचे आहे.

दक्षिण ध्रुवसागराच्या वाटेवर साउथ जॉर्जिया हे बेट आहे. १९०४ साली तेथे ग्रित्विकेनला देवमाशांचे तेल काढण्याचा कारखाना निघाला. नॉर्वेहून आलेले कामगार देवमासे फाडीत, चरबी कढवीत. ते तेल साबणात नि मार्गारिनमध्ये जाई. समुद्रात देवमासे किती उरले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अखेर त्या तेलावर बसविलेल्या कराच्या पैशातूनच ब्रिटिशांनी शोध घ्यावयाचे ठरविले आणि १९२५ साली ‘डिस्कव्हरी’ जहाज निघाले. कामगारांच्या घामातून निघालेल्या तेलावर शास्त्राचा दिवा पेटला, तो असा! मोहिमेचे प्रमुख स्टॅन्ली केम्प हे पूर्वी कलकत्त्याच्या प्राणिसर्वेक्षण खात्यात होते. अ‍ॅलिस्टर हार्डी हे त्यांचे प्राणिशास्त्रज्ञ.

तेथला अजस्र देवमासा जगतो तो क्रिलवर. हा जीव जेमतेम ६ सेंटिमीटरांचा. पाहून आपल्या कोकणातल्या जवळ्याची आठवण व्हावी. क्रिल जगतो पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींवर. पण हे जीव सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. एके ठिकाणी जाळे भरून येते, थोडे पुढे जावे तर रिकामे. म्हणून हार्डींनी जहाजामागे ओढावयाचे एक यंत्र केले. जहाज चालले की यंत्राचा पंखा फिरे, रेशमी पट्टी सरके आणि वाटेतले जीव तिच्यावर टिपले जात.

१९२८ साली हार्डी इंग्लंडमधील हल बंदराच्या नव्या विद्यापीठ महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. ध्रुवसागर पाहून आलेला हा माणूस मच्छीमारांच्या गावात मास्तर झाला. १९३१पासून त्यांचे सुधारलेले यंत्र मालवाहू जहाजांमागे जाऊ लागले. खलाशांनी ते पाण्यात सोडावे, ओढून घ्यावे. प्रयोगशाळेत रेशीम उलगडून सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी व्हावी. बंदराचा कामगार नि विद्यापीठ एकाच कामाला जुंपले गेले.

परंतु धंदा थांबला नव्हता. १९२५ सालीच देवमासा पाठीमागच्या उतारावरून वर ओढून घेणारे कारखाना-जहाज निघाले. भर समुद्रात ना किनारा, ना परवाना, ना कर! १९३०–३१च्या एका हंगामात २९ हजारांवर निळे देवमासे मारले गेले. धंद्यासाठीची शिकार थांबविण्याचा आंतरराष्ट्रीय ठराव झाला तो १९८२ साली, आणि अंमल आला १९८५–८६च्या हंगामापासून. तोवर निळा देवमासा नामशेष होण्याच्या काठावर आला होता.

मस्टर ठेवणे निराळे आणि मालकाने ते मानणे निराळे, हे आम्हा युनियनवाल्यांना कोणी शिकवावे लागत नाही. १९९१पासून हार्डींच्या पद्धतीची यंत्रे दक्षिण ध्रुवसागरातही ओढली जातात. आता क्रिलचीच मासेमारी चालते. नोंद आहे, पण ती पाहून वेळेवर हात आखडावयास लावणारी शक्ती मात्र माणसांनाच उभी करावी लागेल.