बाटली नंबर 53-एन

10 जानेवारी 1897. तुम्ही मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये उभे आहात. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि व्हरांडा, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. बाहेर प्लेग. फ्लास्कमधल्या मटणाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगताहेत आणि त्यांना लटकून प्लेगचे जंतू झुंबरासारखे खाली वाढताहेत. तुपाचा हा उपयोग तुमच्या आजीलाही ठाऊक नसेल. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन तेच जंतू उष्णतेनं मारून त्यांची लस आधी स्वतःला टोचून घेतो. ताप येतो, उतरतो.

आता जवळपास सहा वर्षं पुढे. 30 ऑक्टोबर 1902, पंजाबातलं मुलकोवाल. बिचकत का होईना, आज 107 माणसं हाफकिनची प्लेगची लस टोचून घेणार आहेत. तुम्हीही रांगेत आहात. बाटली नंबर 53-एन टेबलावर येते. बूच काढायचा चिमटा कंपाउंडरच्या हातून निसटतो, मातीत पडतो. नियम असा, की चिमटा स्पिरिटच्या दिव्यावर धरायचा. कंपाउंडर तो जंतुनाशक कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळतो आणि बूच उपसतो. डॉक्टर बाटली हुंगून बघतो. वास नाही. पुढचा दंड पुढे येतो.

आठवडाभरात जबडे आवळू लागतात. धनुर्वात. 19 माणसं जातात, सगळी त्याच बाटलीतली. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेले ठणठणीत.

तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं: अहो, तो चिमटा! पण चौकशी समितीची नजर थेट मुंबईत परळला, हाफकिनच्या प्रयोगशाळेवर. बाटली तिथंच 41 दिवसांपूर्वी भरलेली, आणि लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिननं कार्बोलिक वगळून फक्त उष्णतेवर भिस्त ठेवलेली. घाण तिथंच शिरली, असा निष्कर्ष निघतो. हाफकिन निलंबित. मला यात घाईच दिसते. अपयशातून शिकण्याआधी अपराधी शोधला, की धडा चुकीच्या पानावर लिहिला जातो.

उत्तर समितीपुढच्या साक्षीतच पडून होतं. 1907 साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ लंडनच्या 'टाइम्स'मधून तेच मांडतात: धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत 41 दिवस पोसले असते, तर बूच निघताच सगळ्यांना नाक धरावं लागलं असतं. डॉक्टरला तर वासच आला नव्हता. म्हणजे जंतू बाटलीत शिरले ते मुलकोवालमध्येच, बूच काढताना. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरतो, पण त्याची नेमणूक परळला नव्हे, कलकत्त्याला होते. परळच्या संस्थेला त्याचं नाव मिळतं 1925 साली.

या आता परत. दवाखान्यात तुमचा नंबर लागलाय. नर्स कुपीच्या रबरी टोपीवरून स्पिरिटचा बोळा फिरवतात आणि सुई टोपीतूनच आत घालतात. तुमची नजर टेबलावर चिमटा शोधते. काढायला बूचच नाही.