ऐकवण्याची तबकडी : माहीममधील घरगुती ध्वनियंत्रे आणि त्यांची निवडक गाणी

घरात नवे ध्वनियंत्र आले की ते आल्यागेल्याला दाखवायचे, आणि दाखवायचे म्हणजे ऐकवायचे, ही मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतील प्रथा ग्रामोफोनइतकीच जुनी आहे. त्यासाठी घरधनी आपल्या संग्रहातून दोन-चार तबकड्या वेगळ्या काढून ठेवत असे. त्या त्याच्या सर्वांत आवडत्या असतच असे नाही, परंतु यंत्राचे बळ त्यांतून उठून दिसे आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून दाद येई, एवढे पुरेसे असे. या निवडीचा शतकभराचा प्रवास पाहिला तर असे दिसते की ऐकवण्यासाठी निवडलेली तबकडी ही नेहमी आधीच्या यंत्राला जे साधत नव्हते त्याची नोंद असते. कोणत्या काळी काय ऐकू येत नव्हते, हे जाणून घ्यायचे असेल तर पुढच्या काळात लोक कौतुकाने काय ऐकवू लागले ते पाहावे. माहीम या अभ्यासाला विशेष सोयीचे आहे, कारण कोळीवाडा, मखदूम अली माहिमी यांचा दर्गा, सेंट मायकल चर्च आणि शितलादेवीचे देऊळ ही सारी एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे एकाच प्रकारच्या यंत्रावर निरनिराळ्या घरांतून निरनिराळे संगीत वाजत राहिले.

यंत्राची परीक्षा गाण्याने घेण्याची रीत मुळात व्यापारी आहे. अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून पुढे सुमारे दशकभर 'टोन टेस्ट' नावाचे जाहीर कार्यक्रम केले, ज्यांत गायिका रंगमंचावर यंत्राशेजारी उभी राहून मध्येच गाणे थांबवी, तबकडी पुढे चालू राही, आणि आवाज कोणाचा हे श्रोत्यांनी ओळखायचे असे. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाला नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात आरंभ झाला. ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग यांनी तेथे गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गायिकेला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे, कारण मायक्रोफोन व वीज यांचा वापर त्या तंत्रात नव्हता. या पद्धतीत फार खालचे आणि फार वरचे स्वर मुद्रितच होत नसत, त्यामुळे डग्ग्याचा घुमार नाहीसा होई आणि तंबोरा जवळजवळ ऐकू येत नसे. तबकडी लाखेच्या मिश्रणाची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, आणि दहा इंची बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावणारी असे. ती लाख बव्हंशी भारतातूनच जगभर जाई, ही या व्यवसायातील एक लक्षणीय बाब आहे. अशा यंत्रावर ऐकवण्यासारखा म्हणजे उंच पट्टीचा, धारदार, झटपट ताना घेणारा आवाज. विलंबित ख्याल, म्हणजे रागाचा संथपणे विस्तार करणारी गायकी, तीन मिनिटांत मावणे शक्य नव्हते, आणि म्हणूनच पहिल्या पिढीच्या श्रोत्यांच्या मनात 'रेकॉर्डवर शोभणारे गाणे' म्हणजे चमकदार गाणे हे समीकरण बसले. ते पुढे पुष्कळ काळ टिकले.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि विद्युत-वर्धक, म्हणजे क्षीण विद्युत्‌लहरीला मोठे रूप देणारे साधन, ध्वनिमुद्रणात आले आणि चित्र पालटले. अब्दुल करीम खाँ यांच्या १९३० च्या दशकातील तबकड्यांचे महत्त्व गायकीच्या दृष्टीने सर्वमान्य आहेच, परंतु यंत्र ऐकवणाऱ्यासाठी त्यांचे आणखी एक महत्त्व होते : त्यांत हलका, नाजूक, न ओरडणारा स्वर टिकून राहिला. ज्या यंत्रावर 'जमुना के तीर' ही भैरवीतील ठुमरी ऐकताना स्वराचे टोक विरत जाताना कळे, ते यंत्र चांगले. याच काळात ग. ना. जोशी यांनी गायिलेली ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता तबकडीवर आली आणि मराठी भावगीताला घराघरांत वाट मिळाली. भावगीत हा प्रकारच मायक्रोफोनचे अपत्य म्हणावा असा आहे, कारण कानाशी बोलल्यासारखे गाणे कर्ण्यात गाता येत नाही. वडाळ्याला 'यंग इंडिया' या नावाच्या तबकड्यांचा देशी कारखानाही याच दशकात उभा राहिला, आणि त्यामुळे परदेशी कंपन्यांच्या मालाला स्थानिक पर्याय मिळाला.

हे ऐकण्याचे घर कसे होते, याचाही विचार करणे भाग आहे. आजच्या शिवाजी पार्कचे मैदान १९२५ मध्ये 'माहीम पार्क' या नावाने खुले झाले आणि १९२७ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. त्याच्या भोवती आणि पूर्वीच्या कॅडेल रोडच्या, म्हणजे आताच्या वीर सावरकर मार्गाच्या, दुतर्फा पुढील काळात तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. गिरगावच्या चाळीत बाजा लावला की तो अख्ख्या मजल्याचा होई, दारात शेजारी उभे राहत आणि कोणती तबकडी लावायची यात सर्वांचा शब्द असे. माहीमच्या बंद दाराच्या ब्लॉकमध्ये मात्र ऐकवणे हे निमंत्रणाचे झाले, पाहुण्याला खुर्चीवर बसवून, चहा देऊन, एका जागी ऐकायला लावण्याचे झाले. पुढे स्टिरिओ आल्यावर ही 'एक जागा' अटळच ठरणार होती.

१९४८ मध्ये अमेरिकेत दीर्घवादन तबकडी, म्हणजे मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी व प्रत्येक बाजूवर वीसहून अधिक मिनिटे सामावणारी व्हिनाइलची एलपी, बाजारात आली. लाखेच्या तबकडीवर पोलादी पिन प्रत्येक बाजूगणिक बदलावी लागे. एलपीवर नीलमण्याची किंवा हिऱ्याची सूक्ष्म सुई अवघ्या काही ग्रॅम भाराने चाले. खरखर कमी झाली, आणि ती कमी झाल्यामुळे शांतता ऐकू येऊ लागली. 'हाय-फाय', म्हणजे मूळ ध्वनीशी जास्तीत जास्त इमान राखणारे यंत्र, ही कल्पना या काळात रूढ झाली. १९५७ च्या अखेरीस अमेरिकेत दोन वाहिन्यांचा, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचा वेगवेगळा ध्वनी देणाऱ्या स्टिरिओचा, पहिला प्रात्यक्षिक एलपी निघाला, तेव्हा त्याच्या एका बाजूला जाझ आणि दुसऱ्या बाजूला आगगाडीसारखे आवाज होते. स्टिरिओचे जनक ॲलन ब्लुमलाइन यांनीही १९३० च्या दशकात आपल्या प्रयोगांसाठी रेल्वेगाड्याच चित्रित केल्या होत्या. ध्वनी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकतो, हे पटवून देण्यास गाडीइतके सोपे साधन नाही, परंतु ज्या वस्तीच्या एका कडेला पश्चिम रेल्वेची लोकल दिवसभर धावते तेथे या प्रात्यक्षिकाचे अप्रूप किती वाटणार? भारतीय श्रोत्याला स्टिरिओ पटण्यासाठी वेगळी तबकडी लागणार होती.

ती १९६७ मध्ये एचएमव्ही या ध्वनिमुद्रण कंपनीने काढली. 'कॉल ऑफ द व्हॅली' या एलपीत शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार असून काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत अहिरभैरव, भूप, देस, पहाडी अशा रागांतून उभा केला आहे. त्यामागे ग. ना. जोशी होते, 'शीळ' गाणारा हा भावगीत-गायक तोवर एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाची जबाबदारी सांभाळत होता. ही तबकडी ऐकवण्यासाठी इतकी योग्य का ठरली, हे तिच्या ध्वनीत जवळून शिरून पाहण्याजोगे आहे. संतुराच्या शंभराच्या आसपास तारांवर हलक्या लाकडी कलमांनी आघात होतो, तेव्हा आघाताचा क्षण अतिशय टोकदार असतो आणि त्यानंतर तार काही काळ गुंजत राहते. निकृष्ट यंत्रावर हे टोक बोथट होते आणि लागोपाठचे आघात एकमेकांत मिसळून नुसती किणकिण उरते. चांगल्या यंत्रावर प्रत्येक आघात सुटा, आणि त्यामागचे गुंजन मात्र सलग, असे दोन्ही एकाच वेळी ऐकू येते. बासरीत फुंकरीचा श्वास स्वरापासून वेगळा ओळखता आला पाहिजे, आणि गिटारची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, कोठेही पायरी न दाखवता पोचली पाहिजे. पाश्चात्त्य प्रात्यक्षिक तबकड्यांत १९५९ च्या 'पर्सुएसिव्ह पर्कशन'प्रमाणे तालवाद्ये डावी-उजवीकडे चेंडूसारखी उसळवली जात; येथे मात्र तीन वाद्ये आपापल्या जागी बसून बोलत होती. दोन पद्धतींमधील हा फरक मोलाचा आहे. यंत्र विसरायला लावणारी तबकडी हीच यंत्राची खरी परीक्षा घेते, आणि या निकषावर 'कॉल ऑफ द व्हॅली' त्या काळातील कोणत्याही परदेशी नमुन्याला हार जाणारी नव्हती.

तबकडी मिळाली तरी यंत्र मिळणे कठीण होते. आयातीवरील परवान्यांच्या व जबर जकातीच्या काळात बहुतेक घरांत एचएमव्हीचा 'फिएस्टा' किंवा 'कॅलिप्सो' यांसारखा साधा रेकॉर्ड-प्लेअर असे, कॉस्मिक, सोनोडाइन यांसारखी देशी स्टिरिओ यंत्रे १९७० च्या दशकात दिसू लागली, आणि जपानी माल जहाजावरील खलाशांच्या किंवा आखातात नोकरी करणाऱ्यांच्या सामानातून येई. बोटीवर काम करणारे व आखातात गेलेले पुष्कळ लोक गोव्याचे, कोकणचे, ख्रिस्ती आणि मुसलमान असे असल्याने माहीमसारख्या वस्तीत उत्तम यंत्र हे श्रीमंतीपेक्षा दर्यावर्दी नात्यागोत्याचे लक्षण ठरले. तबकड्या काळा घोडा भागातील 'ऱ्हिदम हाऊस' या दुकानात आधी ऐकून मग घेता येत, तर जुन्यांसाठी चोरबाजार होताच.

प्रत्येक समाजाची ऐकवण्याची तबकडी निराळी होती. मराठी घरांत हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीत दिलेली, शांता शेळके यांची कोळीगीते होती. त्यांतील 'मी डोलकर' हेमंतकुमार आणि लता मंगेशकर यांच्या आवाजात ऐकवताना हेमंतकुमारांच्या खर्जाकडे, म्हणजे खालच्या सप्तकातील भरदार स्वराकडे, पाहुण्याचे लक्ष वेधता येई. गोवेकर व ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातील ख्रिस्ती) कुटुंबांत अमेरिकी गायक जिम रीव्ह्जचा सखोल आवाज आणि ख्रिस पेरी यांच्या ब्रास वाद्यांसह गायिका लॉर्नाची कोंकणी गाणी असत. कर्णकर्कश न होता ट्रम्पेटचा झळाळ देणे हे स्पीकरला अवघड काम आहे. दर्ग्याच्या परिसरात कव्वाली वाजे, आणि 'झूम बराबर झूम शराबी' गाणारे मुंबईचे अझीज नाझां १९७० च्या दशकात घराघरांत पोचले. कव्वालीत टाळ्यांचा थर आणि त्यावरचा एकट्याचा आवाज वेगळे राहतात की नाही, ही स्वतंत्र कसोटी होती.

हिंदी चित्रपटगीते या यादीत उशिरा आली, कारण त्यांतील बहुसंख्य गाणी १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत एकाच वाहिनीवर, म्हणजे मोनो पद्धतीने, मुद्रित होत. १९७५ मध्ये लॅमिंग्टन रोडवरील 'मिनर्व्हा' चित्रपटगृहात 'शोले' सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर स्टिरिओ ध्वनीसह झळकला, पॉलिडॉरने त्यातील संवादांचीही तबकडी काढली, आणि त्यातील खलनायक गब्बरसिंगचा आवाज हाच स्पीकर ऐकवण्याचा विषय झाला. संगीताऐवजी बोलणे ऐकवणे ही वरवर विचित्र वाटणारी गोष्ट शास्त्राला धरून होती, कारण माणसाचा कान माणसाच्या आवाजातील खोट सर्वांत आधी पकडतो.

कॅसेटचा काळ येथे थोडक्यात आटोपता येतो : तिने गाणे स्वस्त व सर्वत्र केले, पण फितीच्या सुसकाऱ्यामुळे यंत्र ऐकवण्याची हौस मंदावली. ती परत आणली सीडीने. गझलगायक जगजितसिंग यांचा १९८७ चा 'बियाँड टाइम' हा डिजिटल पद्धतीने अनेक स्वतंत्र पट्ट्यांवर मुद्रित झालेला भारतातील पहिला संग्रह मानला जातो. १९९२ च्या 'रोजा'पासून ए. आर. रहमान यांच्या गाण्यांनी खालच्या स्वरांची भूक वाढवली, आणि याच दशकात ईगल्स या अमेरिकी बँडच्या १९९४ च्या मैफलीतील 'हॉटेल कॅलिफोर्निया' हे गाणे दुकानदारांचे सर्वत्र आवडते झाले. त्याच्या सुरुवातीच्या भारी ढोलाने माहीमच्या खोल्यांची मर्यादा उघडी पाडली. बारा फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला ४७ कंपने असलेला, स्वर अडकून स्थिर लहर तयार होते आणि तो प्रमाणाबाहेर फुगतो. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्‌झची असल्यामुळे ती याच टापूच्या आसपास येते. ज्याला घरमालक 'बेस' म्हणून मिरवत असे ते पुष्कळदा भिंतींचे योगदान असे. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातल्यावर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचाही विचार आला.

या भागातील श्रोत्याजवळ एक तुलनेचे साधन नेहमी होते, ते म्हणजे प्रत्यक्ष मैफल. दादर-माटुंगा कल्चरल सेंटरमध्ये किंवा गणेशोत्सवात तंबोऱ्याच्या जवळ बसलेल्या माणसाला जवारीचा, म्हणजे घोडीवरील दोऱ्यामुळे तारेतून उमलणाऱ्या उपस्वरांचा, अनुभव असतो. म्हणूनच ढोल, गाडी किंवा गडगडाट यांपेक्षा तंबोरा हीच सर्वांत कठीण आणि सर्वांत प्रामाणिक कसोटी आहे. तो सतत वाजतो, बदलत नाही असे वाटते, आणि तरीही त्यात प्रत्येक क्षणी काही हलत असते. दुर्दैवाने जुन्या तबकड्यांच्या आजच्या अनेक डिजिटल आवृत्त्यांत खरखर काढण्याच्या उत्साहात नेमके हेच वरचे उपस्वर छाटले जातात आणि गायक जणू कोरड्या पोकळीत गातो. १९९० मध्ये मुंबईत सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने मूळ तबकड्या जपण्याचा व त्यांची माहिती नोंदवण्याचा आग्रह धरला, त्याचे मोल अशा वेळी कळते. नव्या मराठी संगीतातही ऐकवण्याजोगे आहेच : अजय-अतुल यांनी २०१६ च्या 'सैराट'साठी पाश्चात्त्य वाद्यवृंद अमेरिकेत सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केला, आणि 'याड लागलं'मधील व्हायोलिनांचा रुंद पसारा चांगल्या स्पीकरवर स्वतंत्र थरांत उलगडतो. त्याच बैठकीत त्यानंतर अब्दुल करीम खाँ यांची न छाटलेली जुनी ध्वनिमुद्रिका लावली, तर यंत्राचा आवाका आणि निवडणाऱ्याचा कान या दोहोंची ओळख पाहुण्याला होते.