पाहणाऱ्याचे हात

कुस्तीच्या आखाड्याभोवती बसलेल्या लोकांकडे क्षणभर पाहिले, तर आत दोघेच लढत असले तरी बाहेर शेकडो खांदे हलत असल्याचे दिसते. पाहणे हीदेखील एक प्रकारची कृती आहे, हा अनुभव फार जुना. त्याची शास्त्रीय नोंद मात्र अलीकडची. ती नोंद कशी झाली, विस्मरणात कशी गेली आणि पुन्हा वर आल्यावर तिच्यावर केवढा भार टाकण्यात आला, हा इतिहास आम्हांस येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

प्राण्यांच्या उघड्या मेंदूत विद्युत्प्रवाह आढळतात, हे लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ सालीच दाखविले होते. मनुष्याच्या बाबतीत ते श्रेय जर्मनीतील येना येथील मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांजकडे जाते. तरुणपणी लष्करी शिक्षण घेत असता बर्गर घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली सापडता सापडता वाचले. त्याच दिवशी घरून खुशाली विचारणारी तार आली. दूर असलेल्या बहिणीच्या मनात काही अशुभ आले होते. एका मनाचे दुसऱ्या मनाला कळते कसे, हा ध्यास त्यांना तेव्हापासून लागला. १९२४ साली त्यांनी मनुष्याच्या मेंदूची पहिली विद्युत्-नोंद घेतली; पण ती प्रसिद्ध केली पाच वर्षांच्या पडताळणीनंतर, १९२९ साली. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या मेंदूत सेकंदाला सुमारे दहा आंदोलनांचा ताल चालतो आणि डोळे उघडताच तो मावळतो, असे त्यांना आढळले. पुष्कळांना ते खरे वाटले नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी दुजोरा दिला, तेव्हा कोठे विश्वास बसू लागला. बर्गर ज्या दुव्याच्या शोधात निघाले होते, तो मात्र १९४१ साली त्यांचा अंत होईपर्यंत त्या रेघेत सापडला नाही.

काम सुरू झाले की ताल मावळावा, हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. पण दिंडी एका ठेक्यात चालली असता दुरून टाळांचा एकच नाद ऐकू येतो. मुक्कामी पोहोचून वारकरी आपापल्या कामाला लागले की तो नाद विरतो. स्वस्थ कोणीच नसतो. फक्त एकत्र वाजणे थांबलेले असते. मेंदूतील असंख्य पेशींचे तसेच आहे. कवटीवरून ऐकू येतो तो त्यांचा सामुदायिक ठेका. पेशी वेगवेगळ्या कामांस लागल्या की तो क्षीण होतो.

येथून कथा फ्रान्समधील मार्सेल्स येथे जाते. १९१० सालच्या सावरकरांच्या उडीमुळे हे नाव मराठी वाचकांस परिचित आहेच. तेथील आंरी गास्तो यांनी १९५२ साली एका निराळ्या तालाचे वर्णन केले. त्याचीही गती सेकंदाला दहाच्या आसपास. परंतु स्थान डोक्याच्या मागल्या बाजूस नसून मध्यभागी, जेथून हातापायांच्या हालचाली चालविल्या जातात तेथे. कागदावर त्याची आकृती कमानींच्या रांगेसारखी उमटे. डोळे उघडल्याने तो थांबत नसे. मूठ आवळली की थांबे. पुढे त्यास ‘म्यू’ या ग्रीक अक्षराचे नाव मिळाले. १९५४ साली गास्तो व त्यांचे सहकारी बेर यांनी लोकांना चित्रपट दाखवून ही नोंद घेतली. प्रेक्षक निश्चल बसलेले. पण पडद्यावर मुष्टियुद्ध सुरू झाले आणि प्रेक्षक त्या लढणाऱ्याशी एकरूप झाला की कमानी नाहीशा होत. हात स्वस्थ होते. हात चालविणारी जागा स्वस्थ नव्हती.

एवढे महत्त्वाचे निरीक्षण पुढे जवळजवळ चाळीस वर्षे अडगळीत पडून राहिले. ते वर आले ते इटलीतील पार्मा येथील माकडांमुळे. ज्याकोमो रिझोलात्ती व त्यांचे सहकारी माकड वस्तू उचलते तेव्हा कोणत्या पेशी चेततात हे पाहत होते. त्यांतील काही पेशी, माकड बसून असता समोरच्या माणसाने वस्तू उचलली तरीही चेततात, असे त्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केले. १९९६ साली त्यांना ‘आरसा-पेशी’ हे नाव मिळाले. माणसाची कवटी उघडून असे पाहणे सहसा शक्य नसल्यामुळे मार्सेल्सच्या त्या जुन्या तालाची आठवण झाली. दुसऱ्याची कृती पाहताना म्यू ताल क्षीण झाला, तर आरसा-पेशी जाग्या झाल्या असे समजावे, असा प्रघात पडला.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची हयात कचेरीत गेलेली असल्याने, टिपण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना ‘असावे’चे ‘आहे’ कसे होते, हे त्यांस सांगावयास नको. तसेच येथे झाले. २००५ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दहा स्वमग्न व्यक्तींच्या नोंदी घेतल्या. स्वतःचा हात हलविताना त्यांचा ताल क्षीण झाला. दुसऱ्याचा हात पाहताना झाला नाही. त्यावरून स्वमग्नांचा ‘आरसा फुटलेला’ असतो, अशी कल्पना सर्वत्र पसरली. दुसऱ्याचे मन जाणण्याची शक्तीच ज्याच्या ठायी नाही, असा शिक्का एखाद्या मुलावर बसणे ही लहान गोष्ट नव्हे; त्याच्या आईबापांस तर नव्हेच. परंतु २००९ व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत स्वमग्न व्यक्तींमध्येही पाहताना ताल क्षीण होतो, असे आढळले. २०१६ साली हॉब्सन व बिशप यांनी अधिक मूळचा प्रश्न उपस्थित केला. बर्गरचा मागील ताल आणि गास्तोचा मधला ताल यांची गती सारखीच. मग दिसणारा फरक हातांच्या जागेचा की केवळ लक्ष लागण्या-न लागण्याचा, हे कसे ठरवावे? तुलनेसाठी कोणती स्वस्थ अवस्था घ्यावी, यानेही निष्कर्ष बदलतो, असे त्यांनी दाखविले.

आपल्याकडे असा मोह होतो की, अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी सांगितलेले सहृदयाचे तन्मय होणेच यंत्राने सिद्ध केले, असे म्हणून मोकळे व्हावे. आम्हांस ते मान्य नाही. रसास्वाद हा अर्थाचा व्यापार आहे. कागदावरील कमान नाहीशी होणे ही व्होल्टच्या दशलक्षांशांनी मोजावयाची घटना आहे. दोहोंचा संबंध असू शकेल, पण एक म्हणजे दुसरे नव्हे. शास्त्राला आपल्या परंपरेचा साक्षीदार करण्याची घाई दोघांनाही हानिकारक आहे.

तथापि मूळ निरीक्षणाचे मोल कमी होत नाही. परमुलखात बदलून गेलेला मनुष्य तेथली भाषा येण्यापूर्वी तेथल्या माणसांचे हात पाहून पुष्कळ शिकतो. त्या शिकण्याची काही खूण त्याच्या डोक्यात उमटत असली पाहिजे. बर्गर तारेवाचून पोहोचणारा निरोप शोधीत होते. मार्सेल्सच्या चित्रपटगृहातील उत्तर त्याहून साधे निघाले: दुसऱ्याचे करणे आपल्यापर्यंत पोहोचते ते डोळ्यांवाटे, आणि आपले हात चालविणारी जागा त्यास ओ देते. मात्र ती ओ दिली गेली एवढेच रेघ सांगते. ज्याच्या डोक्यात ती उमटली त्याला काय वाटले, हे त्यालाच विचारले पाहिजे. आणि त्याला बोलता येत नसेल, तर अधिक धीराने जाणून घेतले पाहिजे.