पारावरच्या गप्पा आणि एक कांस्यपदक

१. हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२. खाशाबा जाधव यांच्या कांस्यपदकाची कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. या धाग्यात मात्र आखाड्यातील मल्लाऐवजी आखाड्याभोवती बसलेल्या माणसांकडे पाहू. सातारा-सांगलीच्या कुस्तीशौकिनांच्या रिकामटेकड्या वाटणाऱ्या गप्पांनी या इतिहासात कोणते काम केले, हा आजचा प्रश्न.

२. कृष्णा, कोयना आणि वारणा यांच्या काठच्या गावांत दिवस मावळला की तालमीच्या पायरीवर किंवा पारावर मंडळी जमत. 'रामराम पैलवान, खुराक काय चाललाय?' अशी सुरुवात व्हायची. मग दूध, तूप, बदामाची थंडाई. कोणाच्या पोराने किती जोर-बैठका मारल्या. पुढची जत्रा कोणत्या गावची. मध्येच पाऊस आणि गुळाचा भाव. आज आपण आवडत्या खेळाडूबद्दल मित्रांशी तासन्‌तास बोलतो, त्याच जातीचे हे बोलणे होते. वरवर पाहता त्यातून काहीच निष्पन्न होत नसे.

३. प्रत्यक्षात या गप्पा तीन कामे करीत. पहिले काम नोंदवहीचे. जत्रेतील बहुतेक कुस्त्यांचे निकाल कागदावर उतरतच नसत. कोणत्या साली, कोणत्या फडात, कोणी कोणाला कोणत्या डावावर चितपट केले, हे शौकिनांच्या तोंडीच राही. ढाक, मोळी, घिस्सा, एकलंगी, कलाजंग ही डावांची नावे म्हणजे त्या स्मृतीची लिपी होती. डाव चुकीचा सांगणाऱ्याला बैठकीत तिथल्या तिथे टोकले जाई.

४. दुसरे काम जोड ठरविण्याचे. कुस्ती रंगायची तर दोन्ही मल्ल तोलामोलाचे हवेत. फडावर पोरांचे हात आणि अंगकाठी पाहून पंच जोड लावीत; पण कोण कितपत तयारीचा आहे याचा अंदाज त्यांना आधीच आलेला असे. तो याच बोलण्यातून येई. मल्लाची कीर्ती त्याच्या आधी पुढच्या गावात पोहोचे, ती अशीच.

५. तिसरे काम पैशाचे. जत्रेत लहान पोरांची कुस्ती नारळावर किंवा रेवड्यांवर होई, मोठ्यांची इनामावर. निकाल लागला की हलगीच्या कडकडाटात विजयी मल्ल हौद्याभोवती फेरी मारी आणि प्रेक्षक खुशीने त्याच्या हातावर पैसे ठेवत. गरीब घरच्या पोराचा खुराक अशा हातांतूनही येत असे. 'आपला पैलवान' ही भावना गप्पांतून तयार होई आणि वेळ आली की खिशापर्यंत पोहोचे.

६. याच जगात १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर येथे खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. कराडच्या टिळक हायस्कुलात शालेय शिक्षण, पुढे कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात ते सहावे आले. त्या प्रवासाला कोल्हापूरच्या महाराजांचा हातभार होता.

७. लंडनमध्ये तांबड्या मातीऐवजी मॅट होती आणि कुस्ती गुणांवरही जिंकता येत होती. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती निकाली. गुणांची बेरीज पारावरच्या भाषेत बसणारी नव्हती. खाशाबांना ही नवी भाषा शिकावी लागली. पुढील चार वर्षे त्यांनी वरच्या वजनगटाची तयारी केली.

८. १९५२ साली प्रश्न उभा राहिला तो पैशाचा. मुंबई सरकारकडे मागितलेली मदत मिळाली नाही. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. उरलेल्या खर्चासाठी वर्गणी गोळा झाली. ओळखीपाळखीच्या माणसांनी यथाशक्ती भर घातली. वर्षानुवर्षे नुसते बोलत बसलेल्या माणसांचे बोलणे येथे कामी आले. या पोराची ताकद त्यांना नव्याने समजावून सांगावी लागली नाही.

९. २३ जुलै १९५२ रोजी बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांना, रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांना. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला ४४ वर्षे थांबावे लागले. १९९६ साली अटलांटात ते लिएंडर पेस यांना टेनिसमध्ये मिळाले.

१०. परतल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाची वाट. त्या दिवशी सात तास लागले, असे सांगतात. गाड्या किती? कोणी शंभर म्हणतो, कोणी १५१. आकडा हलता आहे, कारण तोही गप्पांतूनच आपल्यापर्यंत आला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आकडा सावधपणे घ्यावा. पण गाड्या कोणाच्याही हुकमाशिवाय जुंपल्या गेल्या, हे विसरू नये.

११. पुढचा प्रसंग मला पदकाइतकाच मोलाचा वाटतो. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले आणि त्यातून आलेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले. म्हणजे ते कर्ज अखेरीस फेडले ते मैदानाला गर्दी करणाऱ्या शौकिनांनी.

१२. पारावरच्या गप्पांना नवे विषय मिळत राहिले. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांगली जिल्ह्यातील दोघांनी सुवर्ण जिंकले : कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर. आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले, माने १९६४ साली.

१३. या बैठकींचे दोषही सांगायला हवेत. तेथे बायकांना जागा नव्हती. आपल्या गावचा मल्ल नेहमी 'अन्याय होऊन' हरे. आणि पराभूत मल्लाचे नाव लवकर पुसले जाई. एकेकाळी फड गाजवलेले कित्येक जण आज नावानिशीही उरलेले नाहीत.

१४. खाशाबा १९५५ साली पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशकाहून अधिक काळाने. हयातीत देशाने त्यांची फारशी दखल घेतली नाही. गोळेश्वरातील त्यांच्या घराचे नाव मात्र 'ऑलिंपिक निवास'. कागदाने विसरलेले नाव त्या परिसराने बोलण्यात जपून ठेवले.

१५. बोलण्याने जपलेली गोष्ट बोलणाऱ्याबरोबर जाते. ती मिरवणूक दहाव्या वर्षी पाहिलेले मूल आज ऐंशी ओलांडून गेले आहे. तुमच्या घरी, गावी अशी कोणी आजोबा-आजी असतील तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. थेट इतिहास विचारू नका. 'आबा, तुमच्या वेळी जत्रेत कोणाची कुस्ती गाजायची?' एवढेच विचारा. गाव, साल, मल्लांची नावे आणि डाव लिहून घ्या. हरलेल्याचे नाव आधी लिहा. ते दुसरीकडे कुठे सापडणार नाही.

धागा समाप्त. तुमच्या गावच्या फडातील एखादी आठवण असेल तर खाली जरूर लिहा.